जुळणी

आमच्या चाळीत कॉम्प्युटरची दोन घराणी मानतात. एक 'ब्रँडेड' आणि दुसरं 'असेंबल्ड'. पहिलं खानदानी, दुसऱ्याचं नाव निघालं की लोक जरा नाक मुरडतात. २०२५च्या मे महिन्यात मी पहिल्या घराण्याशी काडीमोड घेऊन दुसऱ्याशी सोयरीक केली, त्याची ही हकीगत. मराठी वाङ्मय शिकणाऱ्या मुलाने गेमच्या कॉम्प्युटरवर लिहावं हे आमच्या सरांना रुचेल की नाही, देव जाणे! पण 'रेड डेड रिडेम्प्शन २' मधली १८९९ सालची ती मोडत चाललेली दरोडेखोरांची टोळी मला कादंबरीइतकीच जवळची वाटते, त्याला मी काय करू?

माझा पहिला कॉम्प्युटर म्हणजे कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेला, २०१४ सालच्या आय-५ प्रोसेसरचा ब्रँडेड डबा. त्याला नावं ठेवणार नाही. अर्ध्या चाळीचे ऑनलाइन फॉर्म त्याच्यावरच भरले गेले, माझा कॉलेज-प्रवेशाचासुद्धा. आमच्या घरात तो फॉर्म भरणारा मी पहिलाच. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नव्हता. गेम तर फारच दूर. आधी वाटलं, ह्यातच एक ग्राफिक्स कार्ड बसवावं. झाकण उघडलं तर आत जागा अर्ध्या उंचीच्या कार्डापुरती. पॉवर सप्लायला कार्डासाठी वेगळी वायर नाही. तो बदलावा, तर नेहमीच्या २४ पिनांऐवजी कंपनीचा स्वतःचाच निराळा जोड! रॅम डीडीआर-३, नव्या बोर्डांना लागते डीडीआर-४ किंवा त्यापुढची. बाबा रिक्षा चालवतात. माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे पंक्चर झालं की गाडीच बदलायची?"

पैसे होते २६ हजार. ११ हजार माझ्या शिकवण्यांचे आणि १५ हजार आईच्या भिशीचे. भिशीचे पैसे मोरीच्या फरशीसाठी ठरलेले होते. आई म्हणाली, "फरशी कुठं पळून जातेय?" तेव्हापासून प्रत्येक रुपया मला फरशीच्या तुकड्यासारखा दिसू लागला. दुकानदार 'थोडं वर जा, थोडं वर जा' म्हणतात. गरिबाने आधी आपलं छप्पर किती उंच ते पाहावं. माझा मॉनिटर जुनाच, १९२० बाय १०८० चा, सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा. कार्डाने शंभर काढली तरी तो दाखवणार साठच! गेमच्या कंपनीची शिफारस पाहिली तर जीटीएक्स १०६० किंवा आरएक्स ४८०, आणि १२ जीबी रॅम. म्हणजे २०१७ सालचं ८ जीबीचं आरएक्स ५८०, तेही वापरलेलं, मला पुरेसं होतं.

बाबांनी एका दिवसाची कमाई सोडली आणि आम्ही बदलापूरहून लोकलने दादर, तिथून ग्रँट रोड, असे लॅमिंग्टन रोडवर पोचलो. सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियम हे आभासी चलन खणायला अशी कार्डं रात्रंदिवस जुंपली जात. ती पद्धत बंद झाली आणि ढिगांनी कार्डं जुन्या बाजारात आली. माझी भीती तीच. पण बाबांना त्याचं काही वाटलं नाही. "रोज धावणारी गाडी वाईट नसते, पंखे बघ," म्हणाले. मग दुकानदाराला सांगून त्यांनी कार्ड अर्धा तास पूर्ण भारावर चालवायला लावलं. "गरम होऊ दे. थंड इंजिन कुणाशीही गोड बोलतं." दुकानदार आधी वैतागला, नंतर त्यानेच चहा मागवला.

प्रोसेसरही वापरलेलाच घेतला, २०१९ चा रायझन ५ ३६००. पॉवर सप्लाय मात्र कोरा. ब्रेक कुणी जुने घेतं का? प्रोसेसरचे ६५ वॅट, कार्डाचे १८५, बाकी किरकोळ. म्हणून साडेपाचशेचा घेतला. बोर्ड बी-४५०. त्याचा बायोस अद्ययावत केला की त्याच खोबणीत २०२२ चा रायझन ५ ५६०० सुद्धा बसतो. ह्या एका गोष्टीसाठी मी असेंबल्ड घराण्यावर जीव टाकतो. रॅम आठ-आठच्या दोन घेतल्या, कारण एकीपेक्षा जोडीने काम लवकर होतं. आणि नशीब असं, की त्याच वर्षाच्या अखेरीस रॅमचे भाव भडकले!

जुळणी रात्री घरीच केली. बहिणीने मोबाइलचा उजेड धरला. कॅबिनेटच्या बटणाच्या त्या मुंगीएवढ्या वायरी बाबांनी चष्मा लावून बसवल्या, मला त्यांनी हातच लावू दिला नाही. जुना डबा लिनक्स घालून बहिणीला दिला. चाळीचे फॉर्म आता ती भरते.

पहिल्या दिवशी पडद्यावर घोडा दौडू लागला तसं बाबांनी विचारलं, "ॲव्हरेज किती?" हिशेब केला. तीनशे वॅट धरले तर तीन तासांना जवळजवळ एक युनिट. तेव्हापासून दीड तासाची मर्यादा आहे, तीही अभ्यासानंतर.

शिकवणीला दोन मुलं वाढली आहेत. फरशीवाल्याने मोरीचं माप घेऊन ठेवलंय.