अक्का, हे एकट्या तुमचंच मत?

२६ डिसेंबर २०१९, सूर्यग्रहण. धाकट्या जावेला सातवा महिना. सासूबाईंनी तिचा सकाळचा चहाही अडवला. मी म्हटलं, "ग्रहणानं काही बिघडत नाही." जाऊ हळूच म्हणाली, "अक्का, हे एकट्या तुमचंच मत नाही ना?"

प्रश्न रास्त होता. विज्ञानात एकट्याचा शब्द चालतच नाही. बेंगळूरला सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये भारतीय विज्ञान अकादमी स्थापली. तिच्या नियतकालिकांत संशोधन जाणकारांनी तपासल्यावरच छापतात. असं पारखलेलं ज्ञान मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीत, तर कर्नाटक राज्य विज्ञान परिषद कन्नडमध्ये घरोघरी पोचवते.

"नाही गं, अनेकांनी पारखलेलं आहे."

जावेनं तेच सासूबाईंना कन्नडमधून समजावलं. चहा मिळाला, तुळशीचं पान घालून!