वुल्फ हाउसच्या भिंती

कॅलिफोर्नियातल्या सोनोमाच्या खोऱ्यात ग्लेन एलन नावाचं लहानसं गाव आहे. तिथून डोंगराकडे वळलं की लेखक जॅक लंडनचं रान लागतं. 1905 साली त्यानं इथली पहिली जमीन घेतली आणि ती वाढवत 1400 एकरांपर्यंत नेली. कोरियात पाहिलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीसारखी शेतं त्यानं इथल्या उतारावर काढली, निलगिरीची हजारो झाडं लावली. त्या रानातून पायवाटेनं चालत राहावं आणि अचानक समोर त्यानं बांधलेलं वुल्फ हाउस उभं राहावं. काळपट दगडांच्या भिंती, वर उघडं आभाळ. मजल्यांची जमीन कधीच नाहीशी झाली आहे, पण वरच्या मजल्यांच्या शेकोट्या भिंतीत तशाच अधांतरी राहिल्या आहेत. 26 खोल्यांचं हे घर 1913च्या ऑगस्टमधल्या एका रात्री जळालं. जॅक आणि त्याची बायको शार्मियन तिथं राहायला येणारच होती. तीन वर्षांनी तो गेला, अवघ्या चाळिसाव्या वर्षी.

जवळच्या टेकाडावर त्याची रक्षा पुरली आहे. वर एक मोठा शेवाळलेला दगड ठेवला आहे, तोही वुल्फ हाउससाठी आणलेला. शेजारी लाकडी कुंपणात जुन्या वसाहतकऱ्यांच्या दोन मुलांच्या कबरी. त्या मुलांच्या सोबतीला आपल्याला ठेवावं, अशी त्याची इच्छा होती. मला कॅलिफोर्नियातली ही सगळ्यात शांत जागा वाटते. साताऱ्याहून आलेल्या आईला इथं आणलं, तेव्हा तिनं आधी चपला काढल्या, दगडाला हात जोडले आणि मग इकडेतिकडे पाहत विचारलं, "हे एवढं सगळं बघतं कोण गं?"

तिचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. कुणीतरी बघतं, म्हणूनच हे उभं आहे. भिंतीत मुळं शिरू पाहणारं रोपटं वेळेवर उपटणारा हात, पावसाआधी चर मोकळे करणारी फावडी, वाट चुकलेल्यांना शोधायला निघणारा रेंजर, हे सगळं पगारावर चालतं.

आणि 2011च्या मे महिन्यात राज्य सरकारनं जाहीर केलं की 278 राज्य उद्यानांपैकी 70 उद्यानं पुढच्या वर्षीच्या जुलैपासून बंद होतील. वाचणार होते 2.2 कोटी डॉलर. तेव्हा राज्याचा सर्वसाधारण खर्च वर्षाला सुमारे 8600 कोटी डॉलर होता. शंभर रुपयांतले तीन पैसेसुद्धा नाहीत! यादीत आता राज्य उद्यान असलेलं जॅक लंडनचं रान होतं. सॅन राफाएलजवळचं चायना कॅम्प होतं, जिथं चिनी कोळ्यांची वस्ती होती. वीव्हरव्हिलचं 1874चं चिनी मंदिर होतं, जिथं आजही उदबत्ती लागते. ज्यांची नावं पाठ्यपुस्तकात आली नाहीत, त्यांचं उरलेलं एवढंच.

बंद करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? ज्या घराला दारं नाहीत त्याला कुलूप कुठं लावणार? मोहावी वाळवंटातलं प्रॉव्हिडन्स माउंटन्स 2011 साली बंद झालं. पहारा उठला, चोर आले, तांब्याच्या तारा ओरबाडून घेऊन गेले. तिथल्या मिचेल गुहा पुन्हा उघडायला 2017चा नोव्हेंबर उजाडला. ओस पाडलेल्या जागेचा खर्च थांबत नाही, तो साठत जातो.

जॅक लंडनचं रान वाचलं, कारण सोनोमातल्या लोकांनी एका संस्थेमार्फत 2012च्या मे महिन्यात त्याचा कारभार स्वतःकडे घेतला. स्वयंसेवकांनी वाटा राखल्या, देणग्या जमवल्या. त्यांच्याविषयी मला अपार कृतज्ञता आहे. पण द्राक्षमळ्यांच्या सधन खोऱ्यात जे जमलं ते वाळवंटात कसं जमावं? सगळ्यांच्या मालकीची जागा शेजाऱ्यांच्या ऐपतीवर जगावी, हे मला मान्य नाही. त्याच वर्षीच्या जुलैत उघड झालं की उद्यान खात्याच्याच दोन निधींत मिळून 5.4 कोटी डॉलर नोंदीबाहेर पडून होते. लोक गल्लोगल्ली डबे फिरवत होते तेव्हाही ते पैसे होते! ते वाचताना झालेला संताप अजून ओसरलेला नाही.

पुढे तीच भाषा वॉशिंग्टनहूनही ऐकू आली. 2025च्या मे महिन्यात व्हाइट हाउसनं मांडलेल्या प्रस्तावात राष्ट्रीय उद्यान सेवेच्या कामकाजातून 90 कोटी डॉलर कापायचं सुचवलं होतं. ज्या ठिकाणी माणसं थोडी आणि बहुतेक आसपासचीच येतात, अशी ठिकाणं राज्यांकडे सोपवावीत, असंही त्यात म्हटलं होतं. कोणत्या राज्यांकडे? स्वतःची 70 उद्यानं बंद करायला निघालेल्या? आणि आसपासची माणसं म्हणजे कोण? शनिवारी पोळी-भाजीचे डबे घेऊन पोरांसकट निघणारे आपणच ना? तिकीट काढून दूरच्या मोठ्या उद्यानात जाणं ज्यांना परवडत नाही, तीही आपल्यासारखीच आसपासची माणसं.

अमेरिकेत मत देणाऱ्या मराठी माणसांना माझी विनंती आहे. आपल्या भागातल्या प्रतिनिधीला पत्र लिहा, फोन करा, आपल्या घराजवळच्या उद्यानाचं नाव घेऊन सांगा की अशी कपात आम्हाला नको. नागरिकत्व नसलं तरी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येतं. आणि आई-वडील भारतातून आले की त्यांना मॉलमध्ये नेण्याआधी एकदा ग्लेन एलनला न्या.