ऑइल भरपूर, तरी दिवा लागतो!

आय. सी. इंजिनच्या व्हायवाला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "ऑइल प्रेशर लो होण्याची कारणं सांगा." आपण सगळे डोळे मिटून घडाघडा म्हणून टाकतो : ऑइल कमी, ऑइल पातळ, जाळी तुंबली, पंप झिजला, रिलीफ व्हॉल्व्ह अडकला, बेअरिंगचा क्लिअरन्स वाढला, गेज खराब. सर मान डोलावतात, पुढचा रोल नंबर आत जातो. पण या सातांपैकी नेमकं कुठलं, हे कसं ओळखायचं ते कोणी विचारत नाही. दारात बंद पडलेल्या ट्रॅक्टरच्या मालकाला मात्र तेवढंच विचारायचं असतं. कारण पहिल्या कारणाला फार तर लिटरभर ऑइल लागतं आणि सहाव्याला अख्खं इंजिन खाली उतरतं!

आमचा ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, वयाने माझ्यापेक्षा मोठा. आमच्या वाळवा तालुक्यात मे महिना म्हणजे नांगरट आणि रोटाव्हेटरची घाई. आमच्या चुलत्यांचं, म्हणजे तात्यांचं, वर्षाचं भाडं याच दिवसांत निघतं. आणि नेमका तेव्हाच डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. सकाळी थंड इंजिनावर काही नाही. तासभर रोटाव्हेटर मारून बांधावर उभं करून स्लो सोडलं की दिवा लागायचा. थोडी रेस दिली की गायब!

आता गावात सल्ल्यांना काय तोटा? कोणी म्हणालं स्विच खराब. तो तात्यांनी आधीच बदलला होता, दिवा तसाच. कोणी म्हणालं, नव्वदचं गियर ऑइल मिसळा, जाड होईल. (गियर ऑइलचे नंबर वेगळ्या मापाचे असतात. गरम झाल्यावर नव्वदचं गियर ऑइल साधारण चाळीस-पन्नासच्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं आणि त्यातली रसायनं इंजिनासाठी नसतात. हे सांगून कोणाला पटत नाही, ते सोडा.) तिसरा म्हणाला, रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे एक वॉशर टाका. हा उपाय ऐकायला फार हुशारीचा वाटतो. पण रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो प्रेशर चारेक किलोच्या पुढे गेल्यावर. इथे गरम आयडलिंगला अर्धा किलोसुद्धा प्रेशर नाही, म्हणजे तो आधीच घट्ट बंद बसलेला आहे. बंद दाराला अजून एक कडी लावून काय होणार? आणि तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याने तर फोनवरच निकाल दिला, "इंजिन उतरवा, क्रँक काढा." म्हणजे पंधरा दिवस गेले आणि हंगामही गेला.

इथे थोडी थिअरी सांगतो, कंटाळा करू नका. पंप प्रेशर तयार करत नाही. पंप फक्त ऑइल ढकलतो, प्रेशर तयार होतं ते अडथळ्याने. मोटर चालू असताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की फवारा लांब जातो, अंगठा ढिला सोडला की पाणी नुसतं पायाशी पडतं. इंजिनात हा अंगठा म्हणजे क्रँक आणि बेअरिंगमधली फट. ही फट असते मिलिमीटरच्या काही शतांशांची, आणि तिच्यातून निसटणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली तर गळती आठपट! दुसरी गोष्ट जाडीची. 15डब्ल्यू-40 ऑइल 40 अंशाला साधारण शंभर सेंटिस्टोक्स असतं, ते 100 अंशाला चौदा-पंधरावर येतं. म्हणजे गरम इंजिन, हळू फिरणारा पंप आणि सैल फट हे तिघं एकत्र भेटतात ते फक्त आयडलिंगला. दिवा तिथेच का लागतो ते आता कळलं?

आणखी एक. क्रँक उचलून धरतं ते पंपाचं प्रेशर नव्हे. 1883 साली इंग्लंडमध्ये ब्यूचॅम्प टॉवर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता, तेव्हा बेअरिंगच्या माथ्यावरच्या भोकात ठोकलेलं बूच ऑइलने आपोआप बाहेर ढकललं. फिरता शाफ्ट स्वतःच ऑइल ओढून पाचरीसारखं दाबतो आणि त्या थरावर तरंगतो. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं, ज्यात आपण सगळे गटांगळ्या खातो. पंपाचं काम त्या थराला ऑइल पुरवत राहायचं, बस्स. पण पुरवठा तुटला की थर तुटतो आणि धातूवर धातू घासतो. म्हणून चालत्या रेसला दिवा लागला तर "घरापर्यंत नेऊ" म्हणायचंच नाही. आहे तिथे इंजिन बंद!

शेवटी तात्यांनी शेजारच्या गावच्या मिस्त्रींना बोलावलं. वय साठीच्या पुढे, शाळा चौथी. त्यांनी आधी ऑइलची पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर! तात्या कौतुकाने म्हणाले, "आपला ट्रॅक्टर ऑइलचा थेंब खात न्हाय बघा. उलट वरच चढतंय." मिस्त्रींनी ऑइल दोन बोटांत चोळलं, नाकाला लावलं, एक थेंब वर्तमानपत्रावर टाकला. थोड्या वेळाने काळ्या ठिपक्याभोवती तेलकट कडं लांबवर पसरलं. म्हणाले, "तात्या, ऑइल खात न्हाय, डिझेल पितोय त्यो!"

ऑइल कमी नव्हतं, जास्त होतं. पण ते ऑइल राहिलंच नव्हतं.

मिस्त्री पाना घेऊन लगेच कामाला लागणार होते. मी म्हटलं, थांबा, आत्ताचं प्रेशर मोजून लिहून ठेवू, नाहीतर कशाने फरक पडला ते कळायचं कसं? दिवा फक्त हो किंवा नाही म्हणतो, साधारण अर्ध्या किलोच्या खाली गेलं की हो. किती खाली, कुठल्या रेसला, ते नाही सांगत. मिस्त्री हसले, "घे लिहून, इंजिनेर." पण स्विच काढून त्या जागी स्वतःजवळचा काट्याचा गेज त्यांनीच बसवला. थंड आयडलिंगला 3.2 किलो. तासभर गरम केल्यावर आयडलिंगला 0.4, पंधराशे आरपीएमला 1.9. म्हणजे स्विच, वायर, दिवा सगळे निर्दोष. जाळी तुंबलेली असती तर रेस वाढवल्यावर प्रेशर चढायचं सोडून अडखळलं असतं, काटा थरथरला असता. तसं नव्हतं. रेसबरोबर ते सरळ चढत होतं, फक्त सगळीकडे कमी. पातळ ऑइल किंवा मोठी फट. किंवा दोन्ही.

डिझेल कुठून येतंय? आमच्या ट्रॅक्टरचा फीड पंप डायाफ्रामचा, ब्लॉकच्या बाजूला बसवलेला. खोलला तर डायाफ्रामला नखाएवढी चीर. त्यातून डिझेल थेट चेंबरमध्ये. डायाफ्रामचं किट, फिल्टर आणि नवं 15डब्ल्यू-40 ऑइल, एवढ्यावर गरम आयडलिंग 0.7 वर आलं. दिवा विझला!

आणि खरी पंचाईत इथे झाली. तात्या म्हणाले, दिवा गेला, काम झालं, उद्या पहाटे रोटाव्हेटर. मी वही पुढे केली. मॅन्युअलप्रमाणे गरम आयडलिंगला किलोभर तरी पाहिजे. इतके दिवस डिझेल मिसळलेल्या ऑइलवर इंजिन चाललंय, बेअरिंगने काहीतरी सोसलं असणारच. तात्या गप्प. भाड्याचे पैसे आगाऊ घेतलेले, लोक रांगेत. ते चुकीचं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. त्यांच्या हिशोबातही आकडेच होते. शेवटी मिस्त्रींनी तोड काढली : इंजिन उतरवायचं नाही, खालून फक्त चेंबर काढायचं, एक दिवस.

ट्रॅक्टरचं चेंबर मोटारीसारखं पत्र्याचं नसतं, आमचं तर ओतीव लोखंडाचं, सांगाड्याचाच भाग. ठोकळे आणि जॅक लावून ते खाली घेण्यात अर्धा दिवस गेला. तिन्ही बिग एंडच्या वरच्या शेलवर करडा थर जाऊन तांबं दिसत होतं. दणका वरच्याच शेलवर बसतो, त्यामुळे खालचे तुलनेने बरे. जर्नल लेथवाल्याकडून आणलेल्या मायक्रोमीटरने मापले, दोन शतांश अंडाकृती, मॅन्युअलच्या मर्यादेत. म्हणजे क्रँक घासायची गरज नाही, स्टँडर्ड साइजचे शेल चालतील. मेनची एक कॅप सोडून पाहिली, अजून करडी. ती तशीच बसवली. नवे शेल टाकून संध्याकाळी गरम आयडलिंग 1.1, पंधराशेला 3. मिस्त्रींनी वही माझ्या हातून घेऊन आकडे दोनदा वाचले आणि सही ठोकली.

गेज आता दिव्याशेजारी कायमचाच बसवलाय. मेन बेअरिंग कधीतरी करावीच लागतील, पण ती हंगामानंतर. पन्नास तासांनी मी फोन केला तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्या किंचित खाली आलं होतं. म्हणजे तो आता खरंच थोडंसं ऑइल खातोय. तात्या या गोष्टीवर नाराज आहेत.