मण्यांची चांदणी

भेट जितकी लहान, तितकी ती नाकारणे अवघड. कोणी शालजोडी पुढे केली, तर ‘छे, छे, एवढे कशाला?’ असे म्हणावयास वाव असतो. परंतु तळहातावर मावेल एवढी मण्यांची चांदणी पुढे आली म्हणजे हात आपोआप पसरतो. आमच्या नाशिकच्या घरी अशी एक चांदणी दर नाताळात येत असे. ती चांदणीच का येते, दुसरे काही का येत नाही, हे उमगावयास मात्र आम्हांला पन्नाशी ओलांडावी लागली.

नाशिक म्हटले की परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे रामकुंड आणि काळा राम उभे राहतात, आणि ते साहजिकच आहे. पण याच गावाला लागून, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरची ख्रिस्ती वस्ती वसविली. आमचे घर त्याच रस्त्याला होते. वस्तीतल्या एका शाळेत शिकविणाऱ्या मास्तरीणबाईंनी आमच्या आत्याला पाटीवर अक्षरे गिरवावयास शिकविली होती, आणि तेव्हापासून दिवाळीस आजीच्या हातचे फराळाचे पितळी ताट बाईंकडे जात असे. रिकामे भांडे परत करू नये, हा आपल्याकडचा धर्म सर्व धर्मांस मान्य आहे. बाई ते ताट तब्बल दोन महिने ठेवून घेत आणि नाताळच्या दिवशी सकाळी स्वतः घेऊन येत. ताटात धुतलेला पांढरा रुमाल, आणि रुमालावर एक चांदणी.

आजी चांदणी उचलून घेई, बाईंना ओटीवर बसवी, साखर घातलेले दूध देई आणि हवापाण्याच्या गोष्टी करी. बाई गेल्या की ताट मोरीकडे जाई आणि चिंच-राखेने लखलखीत घासले जाई. ताटे घासावयाचीच असतात, एवढेच आम्हां मुलांस ठाऊक. चांदण्या मात्र आजीने कधी टाकल्या नाहीत. भाद्रपदात गौरी बसल्या म्हणजे त्यांच्यामागील महिरपीत त्या सगळ्या चांदण्या ओळीने टांगलेल्या असत. बाई गौरी पाहावयास येत, आपल्या चांदण्या डोळ्यांनी मोजीत, आणि काही न बोलता हसत.

आजी गेली, पुढे बाईही गेल्या. काही वर्षांमागे त्यांच्या कन्येने नाताळात करंज्यांचा डबा पाठविला. डबा परत करावयास आम्ही गेलो असता सहज विचारले, “बाई आम्हांला दर वर्षी चांदणीच का हो देत?” ती म्हणाली, “दादा, आई शंभर करंज्या करायची. सगळ्या आळीला वाटायची. तुमच्याकडे तेवढी चांदणी. म्हणायची, काकूंवर नाही म्हणायची पाळी येऊ नये.”

आम्ही घरी आलो ते चिंच-राखेचा तो आवाज कानांत घेऊनच. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म याच नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’त वडिलांचे सोवळे मीठदेखील धुऊन घेण्यापर्यंत गेलेले आहे. ते पुस्तक आमच्यापैकी कोणी वाचले नाही? आणि ते वाचताना ‘काय हे लोक!’ म्हणून कोण हसला नाही? हसताना आपल्याच मोरीकडे पाहण्याचे तेवढे राहून गेले. आजी प्रेमळ होती, यात शंका नाही. पण त्या प्रेमाला उंबरठा होता. बाईंनी तो उंबरठा ओळखला, त्याबद्दल शब्द काढला नाही, आणि ज्याला विटाळ लागत नाही अशी एक वस्तू शोधून काढली. काच कोणी खात नाही. ज्याला अपमान मोजावयाचा त्याने तो मोजला असता. बाईंनी मणी मोजले.

गेल्या नाताळापूर्वी आम्ही ठरविले की आता चांदणी आपण करावयाची. कानडे मारुती लेनमध्ये जाऊन लाल आणि पांढरे मणी, तंगूस आणि बारीक सुई घेऊन आलो. कृती ऐकावयास सोपी आहे. पहिल्या फेरीत पाच मणी ओवून त्यांचे कडे करावयाचे. दुसऱ्या फेरीत दर दोन मण्यांमधील फटीत एकेक मणी बसवावयाचा. तिसऱ्या फेरीत दुसऱ्या फेरीच्या दर दोन मण्यांमध्ये तीन तीन मणी घ्यावयाचे, म्हणजे पाच टोके उभी राहतात. सारे मिळून पंचवीस मणी! आम्ही मनात म्हटले, अर्ध्या घटकेचे काम. प्रत्यक्षात तंगूस हातातून निसटे, मणी पलंगाखाली जात, आणि एक मणी चुकला की सबंध टोक आखडून बसे. पहिली चांदणी पुरी व्हावयास दोन संध्याकाळी लागल्या.

हा उद्योग काही आमचाच नव्हे. चेकियातील पोनिक्ला या गावी काचेच्या नळ्या तापवून, साच्यात फुंकून मणी करतात, त्यांना आतून चांदीचा मुलामा देतात, आणि ते तारेत ओवून नाताळच्या झाडाचे अलंकार घडवितात. या हस्तकलेची नोंद २०२० साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. ते वाचून आम्हांस बाईंच्या बोटांची आठवण झाली. त्यांच्या चांदणीस पंचवीसच्या कितीतरी अधिक मणी असत, आणि दिवसभराची शाळा आटोपल्यावर कंदिलापाशी बसून त्या ती ओवीत. त्या सबंध वेळात त्यांच्या मनात कोण असे? जिच्या घरी आपली करंजी चालत नाही, ती आजी! हाताने केलेल्या भेटीत वस्तू थोडी आणि असा वेळच फार असतो, हे सुई हाती घेतल्यावाचून कळत नाही.

नाताळच्या सकाळी आजीचे तेच पितळी ताट काढले, त्यावर रुमाल अंथरला आणि चांदणी ठेवून शरणपूरला गेलो. कन्येने ती उजेडात धरून पाहिली. म्हणाली, “हे टोक वाकडे आहे. आईने उसवायला लावले असते.” मग आत जाऊन ताटात करंज्या घालून ती बाहेर आली. थंडी कडाक्याची होती आणि करंज्या नुकत्याच तळलेल्या होत्या. एक आम्ही तेथेच, तिच्या उंबरठ्यावर उभे राहून खाल्ली; उरलेल्या घरी आणल्या. ताट त्या दिवशी मोरीकडे गेले नाही. ओल्या फडक्याने पुसून फळीवर ठेवले.