ईसीजी नॉर्मल आहे!

रोज सकाळी सात-दहाला माझ्या मोबाईलवर एक वचन येतं. आमच्या चर्चच्या मंडळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. बॅकग्राउंडला सूर्योदय, कोपऱ्यात गुलाब, मधोमध बायबलमधलं वचन आणि त्याखाली तीसेक जणांचे जोडलेले हात. वचनाचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. काळजी करू नका, आनंद करा. सगळं कसं छान, गोड! पण रात्री पावणेतीनपासून छातीवर हात ठेवून बसलेल्या माणसाला सकाळी सातला कुणी 'आनंद करा' म्हटलं, की पहिल्यांदा मनात जे येतं ते चर्चच्या ग्रुपवर टाईप करण्यासारखं नसतं.

मी फ्रीलान्स पत्रकार आहे. मास कॉमला असताना हा शब्द काय ग्लॅमरस वाटायचा! प्रत्यक्षात अर्धा महिना लिहिण्यात जातो आणि उरलेला अर्धा 'सर, पेमेंटचं काही?' असे मेल पाठवण्यात. तुम्ही नोकरीत असाल तर तुमचं टेन्शन वेगळं असेल. अप्रेझल, टार्गेट किंवा बॉसचा 'जरा दोन मिनिटं केबिनमध्ये ये' हा मेसेज. पोटात येणारा गोळा मात्र सेम. माझा गोळा एका संध्याकाळी पोटातून छातीत सरकला. दादरहून सुटलेली स्लो लोकल, बसायला खिडकीची सीट (खिडकी मिळूनही, बघा!) आणि अचानक हृदय असं धडधडायला लागलं की वाटलं, संपलं सगळं. हात गार, घशाला कोरड, बोटांना मुंग्या. समोरच्या अनोळखी काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि पुढच्या स्टेशनवर माझ्याबरोबर उतरल्यासुद्धा. त्या रात्री काढलेला ईसीजी नॉर्मल. आठवड्याने काढलेला दुसराही नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल. हिमोग्लोबिन जरा कमी, म्हणजे आपल्याकडच्या मुलींच्या हिशेबाने तेही नॉर्मलच.

"हार्ट एकदम ओके आहे. हा पॅनिक अॅटॅक होता," डॉक्टर म्हणाले. समोर वाघ आला की शरीर अॅड्रेनलिन सोडतं, हृदय जोरात पळायला लागतं, कारण आपल्यालाही पळायचं असतं. माझ्या केसमध्ये वाघ नव्हता. अडकलेली तीन बिलं होती आणि घरभाडं. पण शरीराला वाघ आणि घरभाडं यातला फरक कळत नाही म्हणे. मग सायकिअॅट्रिस्टची चिठ्ठी, रोजची एक छोटीशी गोळी (जिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात) आणि पंधरा दिवसांतून एकदा काउन्सेलिंग.

आता यात देव कुठून आला? तर मी नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. ख्रिस्ती घरातली चौथी पिढी. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला संसार केला. त्यांनी रचलेली भजनं आम्ही अजून पेटी-तबल्यावर गातो. कॉलेजमध्ये दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "तुम्ही लोक घरी इंग्लिश बोलता का गं?" नाही हो! आमच्या घरी 'काय करू राहिली?' असंच बोलतात. देव घरात मिठाच्या बरणीसारखा होता. रोज लागायचा, पण त्याच्याकडे मुद्दाम वळून कोण बघतं?

गोळ्या सुरू झाल्याचं कळल्यावर आमच्या प्रार्थना सभेतल्या एक मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाळा, विश्वास कमी पडतोय तुझा. प्रभूवर सोपव आणि ती औषधं बंद कर." मावशी मनाने फार चांगल्या. माझ्या नोकरीसाठी त्यांनी उपास केले आहेत. पण मावशींची स्वतःची बीपीची गोळी रोज सकाळी नाश्त्यानंतर असते आणि ती त्यांनी कधी प्रभूवर सोपवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी गोळ्या बंद केल्या नाहीत. मात्र ते वाक्य मनात रुतून बसलं. विश्वास कमी पडतोय. म्हणजे आधी धडधड, आणि वर धडधड होते म्हणून अपराधी वाटणं! एकावर एक फ्री.

पत्रकाराला एक खोड असते. कुणी काही सांगितलं की मूळ सोर्स बघायचा. ग्रुपवर येणारं ते 'काळजी करू नका' कुठून येतं ते मी काढलं. पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पत्र. चार छोटे अध्याय, अर्ध्या तासात वाचून होतात. लहानपणी संडे स्कूलला त्यातली वचनं पाठ करून बक्षिसात पेन्सिली मिळवल्या होत्या. पण अख्खं पत्र एका बैठकीत, कुणीतरी कुणाला तरी लिहिलेलं पत्र म्हणून, पहिल्यांदाच वाचत होते. दोन गोष्टी लख्ख दिसल्या. एक म्हणजे हा माणूस तुरुंगातून लिहितोय. पुढे सुटका की मृत्यू, हे त्याला ठाऊक नाही. आणि दुसरी, जी मला कुठल्याच प्रवचनात कुणी सांगितली नव्हती. एपफ्रदीत नावाचा त्याचा एक सहकारी मरणाच्या दारातून परत आलेला आहे. पौल त्याला घरी पाठवतो आणि लिहितो की तो तिकडे पोचला म्हणजे माझीही चिंता जरा हलकी होईल. हे दुसऱ्या अध्यायात. चौथ्या अध्यायात हाच माणूस म्हणतो, कशाचीही चिंता करू नका! म्हणजे चिंता कशी असते हे त्याला माहीत होतं, आणि ती कबूल करायला तो लाजत नव्हता. समाधानी राहण्याबद्दल तर तो चक्क म्हणतो की हे मी शिकलो. वरून टपकलं असं म्हणत नाही.

मग मी वाचतच सुटले. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी चक्क तक्रारी आहेत. देवा, झोपलास का, अजून किती दिवस, या टाईपच्या. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत वर येतच नाही, अंधारातच संपतं. ज्यांनी बायबल एकत्र बांधलं त्यांनी ते काढून टाकलं नाही, याचं मला फार बरं वाटलं. आणि गेथशेमाने बाग. ही गोष्ट मी दर गुड फ्रायडेला ऐकत आले. पकडला जाण्याच्या त्याच रात्री, थोडा वेळ आधी, येशू घाबराघुबरा आहे, घामाघूम आहे. मित्रांना सांगतोय, थोडा वेळ माझ्याबरोबर जागे राहा. तीनदा येऊन बघतो, तिन्ही वेळा मित्र झोपलेले. त्या रात्री येशूचा विश्वास कमी पडत होता असं म्हणायची कुणाची टाप आहे? मावशींचीसुद्धा नाही.

माझ्यापुरतं तिथे काहीतरी सुटलं. ज्या देवाला स्वतःला अशी रात्र काढावी लागली, त्याच्यासमोर पावणेतीनला 'मी ठीक आहे' असा चेहरा करायची गरज नव्हती. दिवसभर आपण तेच तर करतो! क्लायंटसमोर, बॉससमोर, इन्स्टावर, आईसमोर.

प्रार्थना कशी करायची हे मला खरं तर आजीने दाखवलं होतं, तेव्हा मी ते मनावर घेतलं नव्हतं इतकंच. आजीची प्रार्थना म्हणजे तलाठी ऑफिसात गेलेल्या माणसासारखी. मोठ्याने आणि मुद्देसूद. विहिरीची मोटर जळाली, धाकट्याची नोकरी, शेजारच्या सुनेचे दिवस भरत आलेत, माझा गुडघा. मध्येच भांडण, "मागच्या वेळीबी सांगितलं होतं तुला." आणि शेवटी, मोटर बंदच असताना, आभार. लहानपणी आम्ही पांघरुणात तोंड खुपसून हसायचो.

आता मी तेच करते. धडधड सुरू झाली की किचनच्या ओट्याला पाठ लावून फरशीवर बसते, रूममेट उठू नये म्हणून कुजबुजत सगळं सांगते. आकड्यांसकट. अमक्याकडून अठरा हजार यायचेत, तारीख उलटून गेली. पाच तारखेला भाडं. बाबांची शुगर. मला भीती वाटतेय की मी या धंद्यात टिकणार नाही. शेवटी आजीसारखे आभार, जे सापडेल त्याचे. कधी फक्त फरशी गार आहे याचे. पहिल्या रात्री काही चमत्कार झाला नाही. दुसऱ्याही नाही. पण पौलाच्या त्या ओळीत देवाची शांती मनाची 'राखण' करते असं आहे, आणि मूळ ग्रीकमधलं ते क्रियापद लष्करी आहे, सैनिकांनी पहारा देण्याचं. हे कळल्यावर माझी शांतीची कल्पनाच बदलली. मी इतके दिवस शांती म्हणजे स्पा समजत होते. मंद म्युझिक, लॅव्हेंडर. ही तर बिल्डिंगचा वॉचमन निघाली! वॉचमन असला म्हणून शहरातले चोर संपत नाहीत. आपण झोपू शकतो, एवढंच. गोळीने धडधडीचा आवाज कमी केला, काउन्सेलरने तिची कारणं उलगडून दाखवली आणि या कुजबुजीने मला त्या वेळी एकटं ठेवलं नाही. तिघांची कामं वेगळी. (तुमच्याही छातीत असं काही चाललं असेल तर आधी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं.)

शांतीचं हे असं. आनंद जरा उशिरा आला, आणि घरी नाही आला. एका फीचरसाठी बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चला गेले होते. तिथला बुधवारचा नोव्हेना १९४८ पासून चालू आहे. आम्ही प्रोटेस्टंट, मेणबत्त्या, मदर मेरीपुढची रांग हे आमच्यात नाही, त्यामुळे मी नोटपॅड घेऊन जरा लांबच उभी. बाहेर मेणाची घरं, मेणाचे हातपाय, मेणाची बाळं विकायला. ज्याला जे हवं ते. मला हवी होती ती वस्तू कुठल्याच टोपलीत दिसली नाही. आत मात्र सगळे होते. मंगळसूत्रवाल्या बायका, बुरख्यातली एक मुलगी, गळ्यातलं आयकार्ड शर्टाच्या खिशात सरकवलेला, लॅपटॉपची बॅग पाठीवरच ठेवून गुडघे टेकलेला माझ्याच वयाचा एक मुलगा. इतकी काळजी एका छताखाली मी आधी पाहिली नव्हती. आणि तरी तिथलं वातावरण हॉस्पिटलच्या वेटिंग रूमसारखं नव्हतं. लोक एकमेकांना सरकून जागा करून देत होते. मी नोटपॅड बॅगेत टाकलं आणि बसले.

त्यानंतर रविवारी भायखळ्याच्या बाजूला आमच्या मराठी उपासनेला नियमाने जायला लागले. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा इवलासा पेला. रिटायर्ड बँक मॅनेजर, महापालिकेत सफाई खात्यात असलेले काका आणि मी, सगळ्यांना तेवढाच तुकडा. कुणी विचारत नाही, या महिन्यात तुझं कुठे काय छापून आलं. मला शब्दाला दोन रुपये मिळतात. माझी किंमत शब्द मोजून ठरते, आणि एडिटरने दोनशे शब्द कापले की चारशे रुपयांनी उतरते. इथे मोजतच नाहीत. आमच्याकडे याला 'कृपा' म्हणतात. हा शब्द लहानपणापासून हजार वेळा ऐकला होता. पण बिलं पाठवायला लागेपर्यंत त्यातली गंमत कळली नव्हती. कृपेचं इनव्हॉइस नसतं! त्या रविवारी तबलजी एक मात्रा पुढे, पेटी एक मात्रा मागे आणि शेजारचे काका तिसऱ्याच पट्टीत. मला हसू आवरेना. भजनाची लांबलचक ओळ एका श्वासात गायची तर श्वास हळूहळू सोडावा लागतो, आणि डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम नेमका तोच. ते गाता गाता लक्षात आलं की तासभर मी फोन पाहिलेला नाही.

पेमेंट जमा झाल्याच्या एसएमएसचा आनंद साधारण भाडं कापलं जाईपर्यंत टिकतो. हा आनंद सोमवारीही होता. काळजीसकट होता. हे दोन्ही एकाच घरात राहू शकतात हे मला लक्ष्मीबाई टिळकांमुळे पटलं. 'स्मृतिचित्रे' (१९३४ पासून चार भागांत आलं) कुणी अजून वाचलं नसेल तर या वीकेंडला वेब सीरिज बाजूला ठेवून वाचा. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून झालेली ताटातूट, प्लेग, घरात पैसा टिकू न देणारे टिळक. एवढं सगळं, आणि बाई पानापानावर हसवतात. त्या हसण्यामागे किती रात्री असतील, हे मला आत्ता आत्ता कळायला लागलंय.

मागच्या आठवड्यात कुर्ल्याला पुन्हा धडधडलं. उतरले, बाकावर बसले, श्वास, कुजबुज, वीस मिनिटांनी पुढची गाडी. रात्री आजीचा फोन आला. ती नेहमी याच क्रमाने विचारते, "गोळी घेतली का? जेवली का? प्रार्थना केली का?" मग म्हणाली, तुझ्या त्या अठरा हजारवाल्या एडिटरचं नाव सांग नीट, मी रोज घेते पण चुकीचं घेत असेन. मी नाव सांगितलं. तिने अकाउंट्समधल्या माणसाचंही विचारून घेतलं.