थंडी वाजून ताप आला तर

कांदा लागणीचे दिवस होते. साक्रीच्या आसपास मळ्यांत राबणाऱ्या बायका पाणी बेतानंच पितात, कारण उघड्या शिवारात आडोसा नसतो. आईला लघवीची जळजळ होत होती, पण ती कुणाला बोलली नाही. एका संध्याकाळी "माले भलती थंडी वाजी ऱ्हायनी, भाऊ," म्हणत ती गोधडीत शिरली. अंग मात्र तव्यासारखं तापलेलं. रात्री ती असंबद्ध बोलू लागली, तेव्हा गाडी करून तिला धुळ्याला नेलं.

रक्तदाब घसरला होता, लघवी जवळपास थांबली होती. डॉक्टरांनी 'सेप्सिस' सांगितलं, म्हणजे जंतुसंसर्गानं सगळ्या शरीरावर आलेलं संकट. रक्त-लघवी कल्चरला घेतली आणि शिरेतून अँटिबायोटिक व सलाइन लगेच सुरू केलं.

आई सावरल्यावर मी विचारलं, लघवीतल्या जंतूंमुळे रक्तदाब कसा पडला? डॉक्टर म्हणाले, "मोठं नुकसान तिच्याच पेशींनी केलं."

कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू निघाला होता. त्याच्या बाह्य आवरणातच एक विष असतं, एंडोटॉक्सिन. जंतू फुटला की ते सुटतं. आपल्या पांढऱ्या पेशींवर टीएलआर-४ नावाची प्रथिनं असतात. ती हे विष ओळखतात आणि पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन अशी रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे मेंदू शरीराचं तापमान वर नेतो, म्हणून तापलेल्या माणसालाही थंडी वाजते. रसायनांचा पूर आला, की रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाझरू लागतात. रक्तदाब पडतो, मूत्रपिंडाला पुरेसं रक्त मिळत नाही.

मेलेले जंतूही विषारी ठरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांनी 1892 च्या सुमारास पटकीच्या जंतूंवर दाखवलं. पेशी हे विष ओळखतात कशा, याचा उलगडा मात्र 1998 मध्ये झाला. ब्रूस ब्यूटलर यांना काही उंदरांवर या विषाचा परिणाम होत नाही, याचं कारण सापडलं: त्यांचं टीएलआर-४ जनुकच सदोष होतं. या कामासाठी ब्यूटलर यांना 2011 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण विष पचवणारे हेच उंदीर जिवंत जंतूंपुढे लवकर हरतात. म्हणजे आईला मरणाच्या दारात नेणारी ही यंत्रणा एरवी रोज तिला जगवत होती. ती बंद पाडणं हा उपाय नव्हे. जंतू वाढण्याआधी त्यांना गाठणं, हाच उपाय.

म्हणून सांगतो, थंडी वाजून ताप आला आणि माणूस बरळू लागला, धाप लागली किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका, घरची गोळी देऊन झोपवू नका. तासाभराचा उशीरही महागात पडतो. आणि शेतमालकांनो, मळ्यात पिण्याच्या पाण्याबरोबर बायकांसाठी आडोशाचीही सोय करा.