तलासरीचा मुक्काम

सात माणसे, अठरा दिवस आणि एक वाहन, असा सांगलीच्या त्या कुटुंबाचा बेत होता. गिरनार, पालिताणा, अबू, राणकपूर करून परत. वाहन म्हणजे भाड्याने घेतलेली कॅरॅव्हॅन. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशी चालती घरे आता आपल्याकडेही भाड्याने मिळतात. सहा जणांची निजण्याची सोय, दोन शेगड्यांचा लहानसा ओटा, पाण्याची टाकी, फ्रीज. नात आजीजवळ निजणार होती. उकळलेले पाणी आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण यांसाठी कोणाच्या दारी जावे लागू नये, हे त्या निवडीचे सर्वांना सांगितलेले कारण होते.

आईंच्या मनातील कारण निराळे होते. चार वर्षांपूर्वी पेठेतील दुकानाची वाटणी झाली. दुकान थोरल्याकडे राहिले, पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्याला रोख हिस्सा मिळाला. कागदोपत्री सारे चोख होते. परंतु किंमत ठरविताना थोरल्याच्या तोंडून एक वाक्य निघून गेले, आणि त्यानंतर दोघे भाऊ एका पंगतीला बसले नाहीत. सणाला दोघेही घरी येत. एक सकाळी, दुसरा संध्याकाळी. आईंना एकोणसत्तरावे वर्ष लागले होते, दोन्ही गुडघे कुरकुरत होते. गिरनारला डोली करावी लागणार हे त्या जाणून होत्या. अठरा दिवस दोघे मुलगे एका छपराखाली राहतील, एवढेच त्यांना हवे होते.

प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी गाडी राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून गुजरातच्या दिशेने चालली होती. मनोर गेले, चारोटी गेले, महालक्ष्मीचा डोंगर मागे पडला. दोघे भाऊ ड्रायव्हरजवळ पुढे बसले होते, बोलणे रस्त्यापुरतेच. दापचरी ओलांडल्यावर पुढे काही विचारणे-सांगणे झाले, ते मागे कोणाला ऐकू आले नाही. तलासरी जवळ आली आणि बॉनेटमधून वाफ उसळली. गाडी कडेला घेतली गेली, ती पुन्हा सुरू झालीच नाही.

१०३३ या महामार्गाच्या मदत क्रमांकावर फोन केल्यावर क्रेन आली आणि गाडी तलासरीतील एका गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवली गेली. मेकॅनिकने ऑइलची पट्टी बाहेर काढली. तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा झाला होता. पाण्याच्या पंपाचे बेअरिंग गेले, पाणी वाहून गेले, आणि तशाच तापलेल्या इंजिनावर गाडी चालत राहिली. अतिउष्णतेने इंजिनाचे हेड वाकले की त्याखालचे गॅस्केट दाब धरीत नाही. मग उरलेसुरले पाणी तेलात उतरते. हेड उतरवून वापीला यंत्रावर सपाट करून आणावे लागेल, निदान सहा दिवस लागतील, असे त्याने सांगितले आणि विचारले, “काटा चढल्यावर किती चालवली?”

ड्रायव्हरने मान खाली घातली. थोरला म्हणाला, “काट्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.”

दिवस थंडीचे, सूर्य सहाच्या सुमारास मावळणार होता. चाके थांबली तरी शेगडी चालत होती. दोघी सुनांनी मुगाची खिचडी टाकली, आईंनी ताक केले. ट्रकांची वर्दळ ऐकत, गॅरेजच्या बाकांवर आणि गाडीच्या पायरीवर बसून सर्वजण जेवले. चार वर्षांनी दोघा भावांची ताटे एकाच वेळी वाढली गेली. त्याबद्दल कोणी काही बोलले नाही.

सकाळी हिशेब मांडला गेला. अण्णा व्यवहाराचे पक्के. प्रवासाची वही त्यांच्याकडेच होती. भाडे आगाऊ भरलेले, बदली गाडी लवकर मिळण्यासारखी नव्हती. धाकट्याने दोन मोटारी ठरवून पुढे जाण्याचे सुचविले. थोरल्यालाही ते पटले. इतक्या दिवसांत दोघांचे एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

आई म्हणाल्या, “अरे, दोन गाड्या झाल्या की पुन्हा दोन घरं झाली. त्यापेक्षा आपण सगळेच इथे थांबू, आणि सगळेच परत जाऊ.”

“आणि गिरनार?” अण्णांनी विचारले.

“गिरनार कुठे जातोय?”

हे त्या सहज म्हणाल्या खऱ्या. परंतु त्यांचे गुडघे पुढील वर्षाची खात्री देणारे नव्हते, हे तेथे सर्वांनाच ठाऊक होते.

सांगलीतील हळदीच्या व्यापारातल्या एका परिचिताने डहाणूच्या साधर्मिक कुटुंबाशी फोनवर गाठ घालून दिली. त्यांनी दोन खोल्या उघडून दिल्या आणि पाणी गाळून, उकळून ठेवले. ज्यासाठी कोणाच्या दारी जायचे नव्हते, ते सारे परक्या दारी मिळाले. सातही जण तेथे तीन दिवस राहिले.

डहाणू हा १९९१ सालापासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित झालेला तालुका. घोलवड-बोर्डीकडे पारशी-इराणी बागायतदारांनी वाढविलेल्या चिकूच्या वाड्या आहेत. येथील चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एके दिवशी सर्वजण गंजाडच्या बाजूला गेले. वारली चित्रकलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा मशे याच परिसरातले. एका पाड्यावर कारवीच्या कुडाची, गेरूने सारवलेली भिंत होती. तिच्यावर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक अर्धा पुसट झाला होता. घरातील बाईंनी सांगितले की पुढचे लग्न ठरले की भिंत सारवायची आणि नवा चौक काढायचा.

“आणि हा जुना?” आईंनी विचारले.

“त्याच्यावरूनच सारवायचं.”

आई त्या भिंतीसमोर बराच वेळ उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी सुरूच्या झाडांखाली समुद्राकडे पाहत सारे बसले असता धाकटा आपण होऊन बोलला. “अण्णा, दापचरीला ड्रायव्हरनं विचारलं होतं, थांबू का म्हणून. मी म्हटलं, सीमा ओलांडून थांबू. हा खर्च माझ्यामुळे झाला.” मग भावाकडे वळून म्हणाला, “दादा, तू ऐकलं होतंस ना?”

“ऐकलं होतं.”

“मग मेकॅनिकला तसं का सांगितलं?”

थोरला वाळूकडे पाहत म्हणाला, “एकदा सगळ्यांदेखत तुला बोललो होतो. तेवढं पुरे झालं.”

गाडी तेथेच सोडून निघण्यापूर्वी दुरुस्तीचा काही भाग भरावा लागला. धाकट्याने पूर्ण रक्कम आपल्या नावावर लिहावयास सांगितली. थोरला म्हणाला, “निम्मी माझ्या नावावर घाला, अण्णा. काटा मलाही दिसत होता. मीही थांब म्हणालो नाही.” अण्णांनी क्षणभर पेन थांबविले आणि दोन समान आकडे लिहिले. आयुष्यभर त्यांनी दुकानाच्या वह्या जुळविल्या. मात्र चार वर्षांपूर्वीच्या वाटणीनंतर त्यांचे दोन्ही रकाने प्रथमच जुळले.

डहाणूरोड स्थानकावरून मुंबई आणि तेथून रात्रीच्या गाडीने सांगली, अशी परतीची तिकिटे काढली. धाकट्याने पुण्याला उतरायचे ठरले होते. यजमानांनी वाटेसाठी चिकूची पेटी दिली. चिकू झाडावरून कडक असतानाच उतरवितात. तो पिकतो नंतर, घरी, तीन-चार दिवसांनी. गाडी पुण्यात थांबली तेव्हा धाकट्याने सामान खाली काढले नाही. आईंनी विचारल्यावर तो एवढेच म्हणाला, “चिकू पिकेपर्यंत राहतो.”

अण्णांच्या वहीत गिरनारच्या नोंदीपुढे रक्कम नाही. तेथे ‘पुढील वर्षी’ असे लिहिले आहे, आणि कंसात, ‘सातही जण’.